कॅरोलायनाला गेलेला ट्रक

शेजारच्या व्हर्डेलच्या तोंडाला झाकण नाही, हे अर्नेस्टीनचं जुनं गाऱ्हाणं. आज तर हद्दच झाली. सरकारी बाई शेजारपाजारी चौकशीला आली, तर हिने तिला ओसरीवर बसवलं, चांगले ग्लास काढले, बर्फ घालून गोड चहा दिला. वर हातवारे करून बोलतेय.

"बघ कशी सुटलीय," खिडकीतून अर्नेस्टीन म्हणाली. "आपलं घर ताटात वाढतेय तिला."

तिचा मुलगा डेझमंड टेबलाशी बसला होता. पुढ्यातला तळलेला मासा गार झाला होता. तो गोदीत पाणबुड्यांचं वेल्डिंग करायचा. माणूस भरवशाचा आहे असा सरकारी परवाना त्या कामाला लागतो. जुन्याची मुदत सरत आली होती. नवा मिळाला नाही, तर काम गेलं.

"तिचं नाव मीच दिलंय, आई. शेजाऱ्यांना विचारतातच ते."

"आणि तू काय सांगितलंस?"

"सगळं. दोन वर्षांचा टॅक्स थकलाय, हप्त्याने फेडतोय. ट्रकचे पैसे भरले नाहीत, बँकेने ओढून नेला. डेनिसच्या औषधपाण्यात—"

"बायकोचं दुखणं चव्हाट्यावर मांडलंस?"

"कर्ज झालं तर ते ऐकून घेतात. लपवलं तर नाही. लपवणाऱ्याला कुणीही धमकावून गोदीतलं गुपित काढून घेईल, ही भीती असते त्यांना. मी एक सांगायचं आणि शेजारणीने दुसरंच, मग खोटा मीच ठरतो."

अर्नेस्टीनचा झारा कढईवरच थांबला. नाताळात तिनेच अख्ख्या चर्चला सांगितलं होतं, ट्रक डेझमंडने कॅरोलायना राज्यातल्या भाच्याला दिला म्हणून. व्हर्डेलला तर दोनदा.

तिने ॲप्रन सोडला. रविवारची जांभळी हॅट डोक्यावर ठेवली, आरशात बघून सरळ केली. अब्रू जायचीच, तर उघड्या डोक्याने नको.

ओसरीवर व्हर्डेल सांगत होती, "ट्रक होय? तो त्याने भाच्याला दिला, कॅरोलायनात. मनाचा मोठा हो पोरगा."

"बँकेने नेला," पायरीवरूनच अर्नेस्टीन म्हणाली. "टॅक्सही थकलाय. सून आजारी होती. भाच्याची गोष्ट माझी. डेझमंडने मला सांगायला लावली नाही."

सरकारी बाईचं पेन थांबलं. तिने व्हर्डेलकडे पाहिलं. "तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?"

व्हर्डेलने ग्लासाखालचं पाणी फ्रॉकच्या टोकाने पुसलं. "होतं की. ओढून नेला तेव्हा मी याच खुर्चीत बसले होते. पुढचं चाक माझ्या गुलाबांवरून गेलं. पण ही कॅरोलायना म्हणाली, मग मीही कॅरोलायनाच म्हणत आले."

"कुणाकुणाला?"

"जो विचारेल त्याला."

बाईने आधीची ओळ खोडली आणि सावकाश नवी लिहिली. मग अर्नेस्टीनला म्हणाली, "एक विचारायलाच लागतं. ही गोष्ट बाहेर फोडू असं म्हणून कुणी तुमच्या मुलाला कोंडीत पकडू शकेल?"

समोरच्या दोन ओसऱ्यांवर माणसं खुर्च्या पुढे सरकवून बसली होती. अर्नेस्टीनने त्यांच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"आता फोडायला उरलंय काय, बाई? गल्लीने ऐकलं. संध्याकाळपर्यंत पाद्रीबाबांनाही कळेल."

बाईला हसू आलं, पण तिने ते लिहिलं नाही. परवान्याचं वरचे लोक ठरवतील, एवढं सांगून ती गाडीत बसून गेली.

व्हर्डेलने तिसरा ग्लास आणला. तोही चांगल्यातलाच. अर्नेस्टीन हॅट न काढताच बसली. कुंपणाशी गुलाबाचं एक झाड अजून वाकडं होतं. त्याला कुणीतरी काठी बांधून टेकू दिला होता. तिने ते बराच वेळ पाहिलं, मग एक घोट घेतला.

"तुझ्या तोंडाला झाकण आहे, व्हर्डेल," ती म्हणाली. "नेमकं नको तेव्हा घट्ट बसतं, एवढंच."