‘पळस’ बनवणारा

कापूस बुडाला, जिनिंगचा कारखाना बंद पडला, तसा तिथं हिशेबनीस असलेल्या दीनानाथरावांनी यवतमाळच्या घरात कम्प्युटर क्लास काढला आणि वरची खोली भाड्याने द्यायचं ठरवलं. घाटंजीची दीपा खोली पाहायला आली, तेव्हा ते ‘पळस’ वापरत बसले होते. ‘पळस’ म्हणजे हुकूम टाइप करून कम्प्युटर चालवायचा शेल. सगळ्यांना फुकट, आणि कोणीही त्यात भर घालावी असा.

“हा बनवणाऱ्याचे पाय धुवून पाणी प्यावं, पोरी,” ते म्हणाले. “नाव सांगत नाही, पैसा मागत नाही. घराण्याचे संस्कार लागतात त्याले! बरं, खोली पसंत आहे न?”

“हो काका. सोमवारपासून कॉलेजात शिकवायला लागायचं आहे.”

“वा! आडनाव काय तुझं?”

“खोब्रागडे.”

दीनानाथरावांनी नाक आक्रसलं. “अरे, विसरलोच मी. खोली तर कालच दिली. तू तुमच्या लोकांच्या वस्तीत पाहा न, तिथंच बरं वाटीन तुले.”

दीपा निघून गेली.

संध्याकाळी त्यांनी आपल्या क्लासच्या नाव-पत्त्यासह ‘पळस’च्या पत्त्यावर मेल टाकली. “आदरणीय सर, क्लासच्या मुलांची नावं आडनावाप्रमाणे लावायची सोय करून द्याल का?”

उत्तर लगेच आलं.

“आडनाव विचारायची घाण मी ‘पळस’मध्ये शिरू देणार नाही. आणि माझे पाय धुवायचं तेवढं राहू द्या काका, तुमचा हात लागला तर मलाच किळस येईल.

दीपा खोब्रागडे”