गणपतरावांचं हायड्रोजन किट

आप्पा आत बूट घालत होते. तेवढ्यात त्यांच्या मुलीनं, संयोगितानं, गाडीचं बॉनेट उचललं, बॅटरीकडून पाण्याच्या बरणीकडं जाणारी लाल वायर ओढून काढली आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. डॅशबोर्डवरच्या हिरव्या दिव्याची वायर वेगळी होती. ती तिनं तशीच ठेवली.

आप्पांची, म्हणजे गणपतरावांची, चौतीस वर्षं शिरोलीच्या कारखान्यात लेथ मशीनवर गेली होती. निवृत्तीनंतर मोबाईलवर बघून त्यांनी हे किट स्वतः बनवलं होतं. बरणीत स्टीलच्या पट्ट्या, पाणी आणि चमचाभर कॉस्टिक सोडा. वीज सोडली की पाण्यातून हायड्रोजन निघतो, तो इंजिनात जातो आणि पेट्रोल वाचतं, असं ते सांगायचे. चौदाचं ॲव्हरेज देणारी त्यांची जुनी गाडी खरोखरच साडेअठरा देऊ लागली होती. गल्ली त्यांना ‘हायड्रोजनवाले’ म्हणू लागली. दुधाचा टेम्पो चालवणारा आदर्श रविवारी किट बसवून घ्यायला येणार होता. त्याच्या मागं आणखी सहा जण थांबले होते.

संयोगिता कॉलेजात फिजिक्स शिकवायची. “आप्पा, पाणी फोडायला जेवढी ताकद जाते, तेवढीसुद्धा परत मिळत नाही. आणि ती ताकद तरी कुठनं येते? पेट्रोलमधनंच की,” असं तिनं एकदा सांगून बघितलं होतं.

“तुझ्या पुस्तकात न्हाय ते माझ्या गाडीत हाय,” आप्पा म्हणाले होते. म्हणून आज तिनं मोजूनच बघायचं ठरवलं होतं.

पंपावर टाकी काठोकाठ भरून दोघं जयसिंगपूरच्या रस्त्याला लागले. आप्पा गाडी अशी चालवत होते, जणू मागच्या सीटवर कुणी झोपलंय. सिग्नल लांब असतानाच ते ॲक्सिलरेटरवरनं पाय काढत. मागून एस.टी.नं हॉर्न दिला की बाजू देत.

“गॅस तयार व्हायला येळ द्याय लागतोय,” ते म्हणाले. “बुडबुड ऐकाय येतीया नव्हं?”

संयोगिता खिडकीबाहेर उसाकडं बघत राहिली.

जाऊन येऊन चौऱ्याऐंशी किलोमीटर झाले. त्याच पंपावर टाकी परत भरली, तर साडेचार लिटर बसलं.

“साडेअठराच्या वरच! आता बोल बाई!” आप्पांनी टपावर थाप मारली.

गाडी हवेच्या मशीनजवळ बाजूला घेतल्यावर तिनं बॉनेट उघडलं. आप्पांनी त्या सुट्या वायरचं टोक हातात घेतलं.

“कधी काढलीस?”

“निघायच्या आधी.”

“मला सांगितलं न्हाईस?”

“सांगितलं असतं तर तुमचा पाय बदलला असता, आप्पा.”

आप्पांनी बॉनेट लावलं आणि गाडी घराकडं वळवली. चारचौघांत बापाच्या डोक्यावरची टोपी उडवावी तसं काहीतरी आपल्या हातून झालंय, असं तिला वाटत राहिलं. जेवताना त्यांनी भाकरी नुसतीच कुस्करली. हात धुवून आल्यावर मात्र ते तिच्यासमोर येऊन बसले.

“कारखान्यात एका मापावर जॉब पास करत न्हाईत. परत मोजायचं. वायर कधी जोड, कधी काढ, मला सांगू नको. कागदावर लिहून ठेव.”

पुढचे दोन दिवस दोघं त्याच रस्त्यानं जाऊन आले. एक दिवस वायर जोडलेली होती, एक दिवस काढलेली. दोन्ही दिवशी पेट्रोल साडेचार लिटरच्या आसपासच बसलं. आप्पांनी कागद हातात घेतला, चष्मा वर करून वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला समोर उभं करून वायर स्वतःच्या हातानं घट्ट जोडली.

“आज मी माझ्या जुन्या चालीनं हाकतो. दार धरून बस.”

कारखान्याच्या पाळीचा भोंगा चुकेल म्हणून चौतीस वर्षं जशी गाडी पळवली, तशीच त्यांनी ती पळवली. हॉर्न, ब्रेक, परत हॉर्न. उसाच्या ट्रॉल्या त्यांनी इतक्या जवळून काढल्या की संयोगितानं दोनदा डोळे मिटले. पंपावर बरोबर सहा लिटर बसलं.

“चौदा,” तिच्या आधी आप्पाच म्हणाले.

रविवारी सकाळी आदर्शनं टेम्पो दारात लावला. मागोमाग आणखी तिघं-चौघं आले. आप्पांची तब्येत बरी नाही असं सांगून त्यांना परत पाठवावं, म्हणून संयोगिता पुढं झाली. पण आप्पा तिच्या आधीच पायरीवर जाऊन उभे राहिले होते.

“किट बसवणार न्हाय,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “त्येचा काय उपयोग न्हाय. मी मोजून बघितलंय.”

कुणीतरी हसलं. आदर्शला ते पटेना. “मग काका, तुमचं ॲव्हरेज वाढलं ते कसं?”

“गाडी दमानं हाकाय लागलो म्हणून.”

“आता घ्या! दमानं हाकायला किट कशाला लागतंय?”

गणपतराव कुणाकडंही न बघता म्हणाले,

“मला लागलं की.”