शिखराचा कोन

"देवळाच्या शिखराचाच कोन घेतलाय मी," भावना पाहुण्यांना सांगत होती. "तोच उतार, तोच पांढरा रंग. समुद्रातून पाहिलं तर जुनं कुठलं, नवं कुठलं, कळू नये."

मुरब्याच्या किनाऱ्यावरच्या नव्या रिसॉर्टपुढे टाळ्या पडल्या. डोळे-नाक शोधणाऱ्यांना तिच्या शिल्पात काहीच सापडलं नसतं. काँक्रीटचे चार उंच त्रिकोण, टोकाशी मिळालेले. पण देखणं होतं, हे कबूल करायलाच हवं. इतके महिने ते पत्र्यांच्या आड होतं. पत्रे आज सकाळी काढले, आणि आता मावळतीचं ऊन नेमकं त्याच्यावर पडलं होतं. पलीकडे सुरूच्या झाडांमागचं खरं देऊळ धुरक्यात बुडून गेलं होतं.

कुंपणाबाहेर वत्सला टोपली घेऊन उभी होती. तिचा नवरा, धर्माजी तांडेल, काल पहाटे एकटाच होडी घेऊन दर्यावर गेला होता. होडी दिसली तशी ती हसली. मग कुंपणाला धरून पुढे वाकली.

"अगो बाय! ह्यो कुठं चाललाय?"

"काय झालं?" भावना कुंपणाशी आली.

"खाडीत शिरायचं तर आमी देवलाचं शिखर समोर धरतो. त्यानं तुमचं धरलंय! इथं समदा खडक हाय!"

वत्सलाने टोपली टाकली आणि पदर सोडून वाऱ्यावर हलवायला लागली. "अवो, फिरवा! मागं फिरवा!" भावनाही दोन्ही हात हलवत ओरडत सुटली. पाहुण्यांना वाटलं, होडीला हात करायचा असतो. तेही हसत हात हलवू लागले.

धर्माजीने लांबून हात वर केला. एवढी माणसं आपल्याला बोलावतायत, म्हणून त्याने इंजिनाचा वेग वाढवला.

फळ्या मोडल्याचा आवाज किनाऱ्यापर्यंत आला. हलणारे हात हवेतच राहिले.

पोरांनी पाण्यात उड्या टाकून त्याला बाहेर काढलं. कपाळातून रक्त येत होतं. होडीच्या फळ्या लाटेबरोबर एकेक करून वाळूवर येत होत्या, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो वर, शिल्पाच्या पांढऱ्या टोकाकडे बघत राहिला होता.

"वत्सला," तो दबक्या आवाजात म्हणाला, "देऊल कवा हललं गो?"