तीस हजार तास

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी यान ग्रहाजवळून सरळ पुढे निघून गेलं. थांबलंच नाही. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावरचा अंतराचा आकडा इतके दिवस कमी होत होता, तो आता वाढू लागला.

यानाचं इंजिन नव्या तऱ्हेचं, विजेच्या बळावर गॅस मागे फेकत चालणारं. जोर म्हणाल तर तळहातावर ठेवलेल्या कागदाएवढा, पण वर्षानुवर्षं न थांबता. सगळे त्याला लाडाने कासव म्हणत. तीन दिवसांपूर्वी दिशा तपासायला ते तासभर बंद केलं आणि मग काही केल्या सुरूच होईना. उरलेला वेग कमी करायला हातात तेवढेच तीन दिवस होते. साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, उड्डाणाआधीच्या इथल्या चाचणीत हे कधी बंद पडलं होतं का? सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. नोंदवहीही तेच सांगत होती. तीस हजार तास, एकही खंड नाही. त्या आकड्याची पितळी पाटी दारातच लावली होती, रोज पुसलेली. बंद पडल्यावर काय करायचं हे माहितीपुस्तकात नव्हतंच. कधी पडलंच नव्हतं ना ते.

दुपारच्या पाळीचा तंत्रज्ञ कोपऱ्यात बसला होता. चाचणीच्या काळात पाळीला एकच माणूस असे. सकाळी एक बाई, दुपारी हा, सुट्टीच्या दिवशी स्वतः साहेब. आणि एका दुपारी त्याच्या डोळ्यांदेखत कासव बंद पडलं होतं. नियम साधा होता. एक मिनिट जरी खंड पडला, तरी मोजणी पुन्हा शून्यापासून. तेव्हा सव्वीस हजार तास भरले होते. म्हणजे आणखी तीन वर्षं, उड्डाण हुकणार, आणि हाच तो, ज्याच्या पाळीत कासव मेलं, असं लोक जन्मभर म्हणणार. त्याने खटपट करून ते सुरू केलं आणि वहीत लिहिलं, 'सुरळीत'. बायकोलाही सांगितलं नाही.

तीन दिवस ती खटपट त्याच्या जिभेवर होती. होईल आपोआप सुरू, असं तो स्वतःला समजावत राहिला. भेकड होता, दुसरं काय म्हणायचं! आता यान गेलं होतं आणि शरम वाटून काही उपयोग नव्हता.

साहेब चष्मा पुसत होते. झालं ते झालं, ते म्हणाले, पण पुढच्या यानासाठी तरी कुणाला काही सांगायचं असेल तर सांगून टाका.

तंत्रज्ञ उभा राहिला. "माझ्या पाळीत बंद पडलं होतं, साहेब. हीटर पूर्ण चढवून दहा मिनिटं थांबलं, की चालू होतं."

त्याच्याकडे कुणी बघेना. शिव्या तरी द्याव्यात कुणी, असं त्याला वाटलं. मग सकाळच्या पाळीच्या बाई टेबलावरची नजर न उचलता बोलल्या. त्यांच्या वहीत कधी साधी खाडाखोडही नसे.

"दहा नाही. वीस मिनिटं लागतात."

साहेबांचा चष्मा पुसून झाला होता. तो त्यांनी डोळ्यांवर चढवला नाही, हातातच धरून ठेवला.

"आणि हीटर चढवायच्या आधी," ते म्हणाले, "गॅस निम्मा करावा लागतो."