शिबिरातून आल्यावर
जुन्नरच्या ख्रिस्ती उन्हाळी शिबिरातून लेक साक्षी शिनोलीला परतली, तेव्हापासून पारूबाईच्या मनात पाल चुकचुकत होती. दुपारी आईचा डोळा लागला की पोरगी आळीतल्या मुलींना घेऊन गुपचूप निघायची. ‘आजेसासऱ्यांनी छप्पन साली विचार करून धम्म घेतला, अन् हिला आठवड्यात कुणी भुलवलं?’ म्हणत पारूबाईनं लेकीची बॅग उपसली. क्रूस सापडला नाही. एकदा झोपेचं सोंग करून ती त्यांच्या मागोमाग गेली. मुली विहिरीत उतरल्या होत्या. थोरली लेक तिथंच बुडाल्यापासून पारूबाई तिकडं फिरकली नव्हती. पाठीला रिकामा कॅन बांधलेल्या चिमुरडीला साक्षी सांगत होती, ‘पाय हलव, मी हाय.’ ‘हे तिथं शिकवलं?’ पारूबाईनं विचारलं. ‘व्हय.’ ‘आन् प्रार्थना?’ ‘ती बी. पण मी पोहायलाच गेले व्हते.’ ‘प्रार्थनेचं घरी बघते,’ म्हणत पदर खोचून पारूबाई पायरी उतरली.