उरलेल्या गोळ्यांचा डबा

केशवापूरच्या मथुराक्कांच्या घरी औषध कधी वाया जात नसे. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात जायच्या. त्रिपुराहून रजेवर आलेल्या फौजी मुलाला हिवताप झाला, तेव्हाही दुसऱ्या दिवशी घाम फुटताच अक्कांनी गोळ्या काढून घेतल्या. “मुकुल, पुरे आता. औषध उष्ण पडतं रे.” सीमेवर कुणाला न भिणारा मुकुल आईचं ऐकून पांघरूण ओढून झोपला. तीन आठवड्यांनी ताप मेंदूत शिरला, लघवी काळी झाली. “कोर्स पुरा केला होता?” इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं. अक्कांनी कौतुकानं पिशवीतला डबा उघडला. “बारा उरल्यात की, जपून ठेवल्यात!” “अक्का, उरलेले जंतू त्या औषधाला सरावले. आता त्याची इंजेक्शनंही लागू पडेनात.” दुपारी मुकुल गेला. नर्सनं विचारलं, “दोन इंजेक्शनं उरलीत, परत करू?” “असू देत,” म्हणत अक्कांनी डोळे पुसले आणि डबा उघडला.