घरी यावी म्हणून

सातवी चिठ्ठी उघडली आणि दिपाली वाचता वाचता थांबली. 'माझी बायको घरी यावी म्हणून प्रार्थना करा.' खाली नाव नव्हतं. अक्षर इतकं वेडंवाकडं, की लिहिणाऱ्यानं पेन पहिल्यांदाच हातात धरलं असावं.

मालनबाईंच्या ओसरीवर बसलेल्या मंडळींत कुजबुज सुरू झाली. चिठ्ठीवर नाव नसलं तरी गाव कोल्हार होतं. कुणाची बायको कुठं आहे, हे इथं सगळ्यांना ठाऊक असतं. मालनबाईंनी तर पदरच तोंडाला लावला. त्यांची सून दिवाळीला कोपरगावला माहेरी गेली होती, ती अजून नांदायला आली नव्हती.

"माझ्या करणचीच हाय ती," त्या रडत म्हणाल्या. "तोंडानं बोलत न्हाई, पर आतून पार खचलाय पोरगा."

झालं. चिठ्ठी करणची ठरली. करण कामावरून यायचा होता, त्यामुळे नाही म्हणायलाही कुणी नव्हतं.

दिपालीनं डोळे मिटले. तिची ही एकतिसावी संध्याकाळ. चाळीस संध्याकाळी चाळीस घरांत प्रार्थना करीन, असा शब्द तिनं देवाला दिला होता. तो नवऱ्यासाठी होता. सुनील पाट्या रंगवायचा. नेवाशापासून कोल्हारपर्यंत कितीतरी दुकानांवर त्याचं वळणदार अक्षर अजून आहे. नगरच्या डॉक्टरांनी त्याचे रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला, दोन महिने मिळाले तरी पुष्कळ. दोन महिन्यांत चाळीस दिवस सहज बसतात, एवढंच तेव्हा दिपालीच्या डोक्यात आलं.

पहाटे उठून ती स्वयंपाक करी, सुनीलचं अंग पुसून देई. दोनपर्यंत अंगणवाडी. मग धुणं, भांडी. संध्याकाळ झाली की चिठ्ठ्यांचा डबा उचलून ती बाहेर पडे. हा डबा तिच्याच घरी, दाराजवळच्या फळीवर असायचा. येता-जाता माणसं त्यात चिठ्ठी टाकून जात. ती नसताना शेजारची जरीना सुनीलजवळ बसायची. दिपाली परत येईपर्यंत गोळी घेऊन त्याचा डोळा लागलेला असे. जागेपणी दोघांची गाठ पडायची ती सकाळी, ओलं फडकं आणि औषधाची बाटली यांच्यामध्ये.

गेल्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेशात तिचं नाव घेतलं. "संसार आणि देव, दोन्हींचा तोल कसा सांभाळावा, ते आमच्या दिपालीताईंकडून शिका." सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडं पाहिलं. दिपाली तेव्हा झोप आवरत होती.

सुनील बरा होत नव्हता. डोळे पिवळे झाले होते, पोट फुगत चाललं होतं, हातात पाण्याचा पेला ठरत नव्हता. देव ऐकत नाही, हे तिला रोज दिसत होतं. म्हणून ती रोज आणखी लांब प्रार्थना करायची. एक घर चुकलं तर सुनील जाईल, अशी भीती तिच्या मनात बसली होती. ती भीती कुणाला सांगायला तिला वेळ नव्हता.

"हे प्रभू बापा," ती म्हणाली, "त्या बाईला बुद्धी दे. तिचा नवरा दाराकडं डोळे लावून बसलाय, हे तिला दिसू दे. आपलं माणूस सोडून कुणाला सुख मिळालंय? बापा, आजच्या आज तिला माघारी आण."

"आमेन," सगळे म्हणाले. मालनबाईंनी तिचे दोन्ही हात धरून ठेवले. या एका प्रार्थनेला इतका वेळ लागला की उरलेल्या चिठ्ठ्या उद्यावर गेल्या.

घरी आली तर जरीना दारातच उभी.

"भाऊ आज झोपलेच न्हाईत. गोळीबी नको म्हनले," एवढं सांगून ती आपल्या घरी गेली.

सुनील भिंतीला टेकून बसला होता.

"अवो, गोळी का न्हाई घेतली?"

"घेतली की झोप लागती." तो थांबला. "कुणासाठी केली आज प्रार्थना?"

डबा हातात तसाच धरून दिपाली त्याच्याजवळ टेकली. तिनं करणची चिठ्ठी सांगितली, मालनबाईंचं रडणं सांगितलं.

"माझ्याबी डोळ्याला पानी आलं. कसली बाई म्हनायची ती! नवरा असा झुरतोय, आन् ही खुशाल त्याला टाकून गेलीय."

सुनीलनं तिच्या हातातल्या डब्यावर हात ठेवला. हल्ली बोलायलाही त्याला दम गोळा करावा लागे.

"करणची न्हाई ती चिठ्ठी," तो म्हणाला. "आन् त्या बाईला नावं ठेवू नको, दिपाली. टाकून न्हाई गेली ती. ती रोज त्याच्यासाठीच प्रार्थनेला जाती."